म्हशीची साखळी
काल बागेतल्या झोपाळ्याची साखळी खळखळली आणि कागलचा तो माळ आठवला. कॉलेजात असताना आम्ही तिथं डिस्क गोल्फ खेळायचो. लांबून तबकडी फेकायची आणि खांबाला लटकवलेल्या साखळीत अडकवायची. साखळी माझ्या मित्रानं गोठ्यातून आणली होती, म्हशीला नुसत्या दाव्यानं बांधून. त्या दिवशी वारा सुटला होता, साखर कारखान्याच्या मळीचा वास नाकात बसला होता. मित्राची तबकडी थेट साखळीत पडली, आम्ही ओरडलो, आणि मागून त्याचा बाप आला. "दावं तोडून म्हस हायवेला गेली. ट्रकनं उडिवली," एवढं बोलून त्यानं खांबावरची साखळी ओढली आणि पोराच्या पाठीवर हाणली. शर्ट फाटला, कातडं सोललं, तरी हात थांबेना. शेवटी मित्रानं साखळी हिसकावली आणि बापावर उगारली. "मार की!" बाप गरजला. "गाभण हुती ती!" मित्र वळला आणि ती साखळी खांबावर हाणत सुटला, तळहात फाटेपर्यंत. आता तो गोठा त्याचा आहे. तिथं प्रत्येक म्हैस दोन साखळ्यांनी बांधलेली असते.