नवव्या मजल्यावरून आलोय

जगातलं कुठलंही दुखणं, मग ते गुडघ्याचं असो वा जावा-जावांचं, नेटवर्कच्या स्विचवर आज्ञेची योग्य ओळ टाकली की बरं होतं, असं छातीठोक सांगणारा माणूस अख्ख्या लालबाग-परळात एकच आहे, आणि तो नेमका माझा मेव्हणा निघाला. पायजम्याची नाडी तुटली तेव्हा यानं नेटवर्कची केबल ओवली. तो पायजमा त्यानंतर आजतागायत सुटलेला नाही, अशी वदंता आहे. मुलगी बघायला गेला तर कांदेपोह्यांतले शेंगदाणे वेचून, बशीभर मांडून त्यानं तिला नेटवर्क समजावलं. मुलीच्या आजोबांची एक झोप काढून झाली. नकार आला तेव्हा गडी शांत. "पॅकेट ड्रॉप झालं, भावोजी, निरोप वाटेतच गळाला. होतं असं."

मेव्हण्याची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, त्याचं इंटरनेट यानंच बसवलं, प्रत्येक मजल्याचं जाळं वेगळं. उद्घाटनाला एकाही फोनला नेट नाही! सेक्रेटरी कडाडले, "मांडव घातलास, भटजी विसरलास काय रे?" हा म्हणाला, "काका, नवा फोन ओरडतो, 'कुणीतरी मला पत्ता द्या!' पत्ते वाटणारा सर्व्हर बसलाय तळमजल्यावर. मजल्यावरची हाक मजल्यातच राहते. स्विचला डीएचसीपी रिले सांगायचं राहिलं. तो हाक ऐकतो आणि खाली नेऊन पोचवतो." त्यानं ओळ टाकली आणि टॉवरभर मोबाइल असे किणकिणले की शेजारच्या देवळातला पुजारी आरती समजून धावत आला.

पण खरी पंचाईत घरात होती. याची आई आणि काकी, म्हणजे सख्ख्या जावा, चाळीत शेजारी-शेजारी राहत. मी जावई झाल्यापासून त्यांना एकमेकींशी बोलताना पाहिलेलं नाही. मात्र आई गॅलरीत येऊन हवेला विचारायची, "कोणाकडे तिरफळां आसत काय?" थोड्या वेळानं कठड्यावर तिरफळांची वाटी हजर. काकी हवेला सांगायची की गुडघो दुखता. कठड्यावर तेलाची बाटली यायची. हा अबोला सगळ्या चाळीत सर्वांत बडबडा होता. टॉवरमध्ये आईला नववा मजला लागला, काकीला चौदावा. आईनं सुरुवातीला पॅसेजमध्ये हाका मारून पाहिल्या. त्या आग विझवायच्या नळकांड्यानं तेवढ्या ऐकल्या. मग हाका थांबल्या. मग तिरफळांवाचून बांगड्याची कढी थांबली. मग आई बंद टीव्हीसमोर बसून राहू लागली.

"रिले नाहीय, भावोजी," एका रविवारी मेव्हणा म्हणाला, आणि स्वतःच लिफ्टमध्ये शिरला. मी मागोमाग. चौदाव्यावर त्यानं बेल मारली.

"काकी, कुणीतरी तिरफळं विचारतंय."

"कोण?"

"कुणीतरी."

"मगे त्या कोणाक सांग, नाय आसत." दार धाडकन बंद.

जिन्यावर बसून त्यानं कपाळावर हात मारला. "गाढव आहे मी! रिलेनं आपण कुठल्या मजल्यावरून आलो ते सांगायचं असतं. नाहीतर उत्तर पाठवायचं कुठे?" आणि पुन्हा बेल. या खेपेला ताठ उभा राहून म्हणाला, "नवव्या मजल्यावरून आलोय." नाव नाही, नातं नाही.

काकी दाराला धरून उभीच राहिली. "नवव्यार तिखट जास्ती घालतत," असं पुटपुटत आत गेली. बराच वेळ डबे वाजले. मेव्हण्यानं वाटीसाठी हात पुढे केला, तर बाईनं वाटी दिलीच नाही. चपला घातल्या. नवव्या मजल्यावर उतरून, आईच्या दाराकडे पाठ करून, समोरच्या भिंतीला विचारलं, "कोणाक तिरफळां व्हयी हुती?"

आतून कडी निघाल्याचा आवाज आला, आणि आई बहुधा बंद टीव्हीला म्हणाली, "दार उघडाच आसा."

आता काकी रोज येते. दोघी अजूनही एकमेकींशी बोलत नाहीत. सगळं पंख्याला सांगतात. मेव्हण्याला मात्र कुणी वर पाठवत नाही. परवा गेलो तर तो नवव्याच्या जिन्यावर नाडीच्या केबलशी चाळा करत बसला होता. मी शेजारी टेकलो. तेवढ्यात आतून काकीचा आवाज आला, "जिन्यार बसलेल्याक कोणी चाय दिल्यान काय?"

मी चहासाठी आत जायला उठू लागलो, तर त्यानं माझा हात धरला.

"थांबा ना, भावोजी. परत हाक मारेल."