आलेखातले गुरुवार

माझ्या पहिल्या संशोधन अनुदानाचा दुसरा हप्ता एका अटीवर अवलंबून होता: आम्ही दिलेल्या चुली रोज वापरल्या जातात, हे नोंदींनी सिद्ध करायचे. कमी धुराची ती चूल मीच रचली होती. मुळशी धरणाच्या पलीकडच्या काठावरच्या अकरा घरांच्या वाडीत ती दिली होती, कारण तिथवर गॅसची गाडी पोहोचत नाही. प्रत्येक चुलीला तापमान नोंदवणारे काड्यापेटीएवढे यंत्र होते. ते तीन महिन्यांनी काढून उघडायचे होते.

तोवर दर गुरुवारी मी भूगावहून दुचाकीवर जाई, प्रश्नावली भरून घेई आणि मिळेल तिथे चहा पिई. अकराही चुली पेटलेल्या दिसत. परतताना मी दुसऱ्या वर्षाचे बेत आखत असे.

यंत्रे उघडली तेव्हा पडद्यावर एक सपाट रेषा आली, मग एक उंच सुळका, पुन्हा सपाट रेषा. अकराही आलेख तसेच. यंत्रे बिघडली असावीत म्हणून तपासून घेतली, ती ठीक होती. मग सुळक्यांच्या तारखा माझ्या डायरीशी ताडून पाहिल्या. सगळे गुरुवार.

अहवालाच्या नमुन्यात ‘नियमित वापर’ असा एकच रकाना होता. आठवड्यातून एकदा हेही नियमितच, असे मनात आले नाही असे मी म्हणणार नाही.

सोमवारी, न कळवता, मी वाडीत गेले. जिच्याकडे मी बहुतेक वेळा चहा घेई, ती मावशी पडवीत तीन दगडांच्या चुलीवर पाणी तापवत होती. माझी चूल घासूनपुसून फळीवर, पितळेच्या भांड्यांच्या रांगेत ठेवली होती.

“आज कशी आलीस? आज तर सोमवार हाय.”

“चूल बघायला, मावशी.”

आतून तिची जाऊ हसली. “घ्या. सापडली चोरी.”

“हसतीस काय,” मावशी तिला म्हणाली, आणि मग मला, “आगं, चूल बंद दिसली तर तुजी नोकरी जाईल, म्हणून समद्यांनी ठरवलं, गुरवारी पेटवायचीच.”

“आणि बाकीचे दिवस?”

“तिचं तोंड बारकं. आंगुळीच्या पान्याचं पातेलं बसत न्हाई. आन् लाकडं बोटबोटभर फोडायची कुनी? लावनी करून आल्यावर हात उचलत न्हाई. च्याला मातर लई झ्याक हाय.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तू इचारलंस कुटं? तू इचारायचीस, धूर कमी होतोय का. होतोय की.”

माझ्या प्रश्नावलीत अंघोळीच्या पाण्याविषयी एकही प्रश्न नव्हता. माझ्या घरी गिझर आहे. भर लावणीत, दमलेल्या हातांनी, अकरा घरांनी माझ्यासाठी दर आठवड्याला लाकडे बारीक फोडली होती. मला अनुदान दोन ठिकाणांहून मिळत होते आणि त्यातले एकच मी अर्ज करून मिळवले होते.

अहवालात मी अकराही आलेख जोडले आणि पहिल्याच ओळीत लिहिले, की माझ्या भेटीचा दिवस सोडला तर चुली वापरल्या जात नाहीत. अनुदान समितीच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी अकराही आलेख चाळले.

“म्हणजे या प्रयोगातला सर्वांत प्रभावी घटक तुम्ही स्वतः आहात.”

“हो, सर.”

जुनी अट बाजूला ठेवून हप्ता मंजूर झाला. नव्या अटी दोन होत्या: नवी रचना वाडीतल्या बायकांबरोबर बसून करायची आणि भेटीचा दिवस आधी कळू द्यायचा नाही.

मी दोन्ही अटी मावशीला सांगितल्या.

“म्हंजे आता रोजच पेटवाया लागनार,” ती म्हणाली, आणि मापासाठी अंघोळीचे पातेले बाहेर आणायला तिने जावेला हाक मारली.