जस्ताचा धूर

वेल्डिंग मी मोबाईलवर बघून शिकलो. पन्नाशीला आलेल्या, ऑफिसात फायली सरकवणाऱ्या माणसाला हे कुठून सुचलं, असं बायको विचारायची, आणि तिचं काही चूक नव्हतं. पण दिवसभर कागदांवर सह्या करून संध्याकाळी हातात काहीच उरत नाही, याचा मला वैताग आला होता. इतवारीच्या बाजारातून एक छोटी मशीन आणली आणि पोर्चमध्ये मांडली.

पहिला धडा डोळ्यांना मिळाला. काळी काच न लावता दोन-तीनदा तो उजेड बघितला, तर डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं झालं. दोन दिवस बटाट्याच्या चकत्या ठेवून पडून होतो. त्यानंतर मात्र मी असा शहाणा झालो की विचारू नका. चांगलं हेल्मेट, चामड्याचे हातमोजे, जाड बूट, फरशी कोरडी. समोरच्या घरात कोणाच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून पोर्चला तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधली. शिवाय उन्हाळ्यातली गरम लूही अडली. ऑफिसात मी लोकांना सुरक्षिततेचे सल्ले द्यायला लागलो होतो.

वडील तेव्हा आमच्याकडेच राहायचे. कामठीला पावरलूमवर तीस वर्षं काढलेली, सुताच्या धुळीनं छाती कमजोर झालेली. काम सुटल्यापासून खुर्चीत बसून रस्ता बघायचे. मशीन आली आणि माणूस बदलला. पाईप धरायला, काटकोन बघायला तेच पुढे. नजर इतकी पक्की की मला मोजपट्टी काढायची लाज वाटायची. त्यांच्यासाठीही एक हेल्मेट आणलं. शेजारचे काका गप्पा मारायला बोलवायला आले की म्हणायचे, "आत्ता नाही गा, ड्युटीवर आहो मी."

उन्हाळा लागला की नागपुरात घरोघरी कुलरची कामं निघतात. माझ्या बहिणीला तिच्या कुलरसाठी स्टँड हवं होतं. पाण्यानं लोखंड गंजतं, म्हणून मी मुद्दाम जस्ताचा मुलामा दिलेला चकचकीत पाईप आणला. रॉड टेकवला तसा दाट पांढरा धूर निघाला, आणि त्यातून पांढरे पुंजके ताडपत्रीच्या आत तरंगायला लागले. बाबा हेल्मेट वर करून बघतच राहिले.

"रुई उडून राहिली," ते म्हणाले आणि हसले. आम्हा दोघांच्या तोंडाला दुपट्टा होताच, उन्हात निघताना बांधतो तसा. तेवढ्यानं भागतं असं मला वाटलं.

संध्याकाळी दोघांनाही थंडी वाजून ताप आला. तोंडात गोडसर, कसनुशी चव. एप्रिलमध्ये नागपुरात ताप आला तर कोणी दुसरा विचारच करत नाही.

"ऊन लागलं," बायको म्हणाली. "भर दुपारी काहून बसता लोखंडापाशी?"

कैरीचं पन्हं झालं, तळपायाला कांदा चोळून झाला. सकाळी ताप गायब. पन्ह्याचा गुण आला, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, आधी स्टँड, मग ताप, मग पन्हं. तिसऱ्या रविवारी शेवटचे सांधे राहिले होते. मी म्हटलं, "बाबा, आज आराम करा."

"पोरगी गर्मीत बसली असन तिकडे," ते म्हणाले. "आण तो पाईप."

माझा ताप सकाळी उतरला. त्यांचा उतरला नाही. खोकला वाढला, दम लागायला लागला, ओठ निळसर दिसायला लागले, तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांतपणे सगळं विचारत होत्या. पूर्वी काय काम करायचे? पावरलूम. बिडी? कधीच नाही. सध्या काही काम करतात का?

"काही नाही मॅडम," मी म्हणालो. "घरीच बसून असतात."

मला काही लपवायचं नव्हतं. वेल्डिंग हा माझा रविवारचा छंद होता, त्याला काम म्हणायचं मला सुचलंच नाही. नवव्या दिवशी बाबा गेले.

दिवाळीच्या आधी आमच्या गेटची बिजागरी तुटली. मशीनला हात लावायची इच्छा नव्हती, म्हणून जरीपटका भागातून वेल्डर बोलावला आणि उरलेला पाईप त्याच्यापुढे टाकला. त्यानं तो उचलून बघितला आणि बाजूला ठेवला.

"हे जस्त आहे साहेब. घासून काढल्याबिगर मी करत नाही. आन् करतो तं खुल्या हवेत. याचा धूर घेतला का थंडी वाजून बुखार येते."

"किती दिवस?" मी विचारलं.

"आमच्यासारख्याले एक दिवस. छाती कमजोर असन तं सांगता येत नाही."

मी आत गेलो आणि न्हाणीघराचं दार लावून रडलो. लोकांच्या डोळ्यांसाठी बांधलेल्या ताडपत्रीत मी माझ्या बापाला धुरात बसवलं होतं. नंतर एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, त्यानंच झालं असं सांगता येणार नाही. पण वेल्डिंगचं तेव्हाच कळलं असतं तर त्या दिशेनंही बघितलं असतं. तेव्हापासून मला माझा राग येतो, आणि तो कमी होत नाही.

बहिणीला सांगायला मला चार महिने लागले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग डॉक्टरनं विचारलं तवा काहून नाही सांगितलं, दादा?"

तेव्हा मी तिला कोणालाच न सांगितलेलं सांगितलं. बाबा जागे होते. घरीच बसून असतात, असं मी म्हटल्यावर त्यांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करायला हात उचलला होता. मी तो हात धरून खाली ठेवला. म्हटलं, तुम्ही बोलू नका बाबा, दम लागन. त्यांनी माझं ऐकलं.

बहीण डोळे पुसत म्हणाली, "पानी मागत असन बाबा."

मी हो म्हटलं. पाणी मी त्यांना दोनच मिनिटं आधी पाजलं होतं, हे तिला सांगितलं नाही.