सिंथेटिक म्हणजे नकली

आमच्या वडिलांची, म्हणजे अण्णांची मोटारसायकल जुनी आहे असं आमच्या घरात म्हणायचं नाही. वापरातली म्हणायचं. भावाच्या लग्नाआधीपासून ती अंगणात उभी आहे. सीटची कव्हरं किती बदलली याचा हिशोब नाही. दोन आरशांपैकी एक उरलाय आणि त्यात अण्णांच्या खांद्याशिवाय काही दिसत नाही. तरी ती वापरातलीच. अण्णा टेंभुर्णीत दूध संकलन केंद्र चालवायचे तेव्हा दोन्ही बाजूंना कॅन लटकवून ती आसपासची सगळी गावं फिरली. केंद्र आता दुसऱ्याकडे गेलंय, पण ऊन तापलं की गाडीला अजून आंबट ताकाचा वास येतो. अण्णांना तो येत नाही.

या गाडीवर मागे बसणारी एकच, आमची आई. घरात सून, नातवंडं, टीव्ही आणि येणारे-जाणारे, त्यामुळे दिवसभरात या दोघांचं बोलणं म्हणजे "चहा?" आणि "ठेव." एवढंच. पण गाडी एकदा वेशीबाहेर पडली की आईचं तोंड अण्णांच्या कानाला लागतं ते मुक्कामाला पोचेपर्यंत सुटत नाही. कुणाच्या पोरीला स्थळ आलं, सुनेनं वरणात साखर काऊन घातली, सगळं तिथंच. आणि घरात मुक्यासारखे बसणारे अण्णा मान मागे वळवून वळवून उत्तरं देतात. त्यांच्या संसाराची खरी बैठक त्या सीटवर आहे, हे आम्हा भावंडांना फार उशिरा कळलं.

तर ही गाडी निळा धूर सोडायला लागली. इंजिन ऑइल प्यायला लागलं. एका चढावर तिनं मान टाकली आणि आईला नवी साडी सावरत पायी चढावं लागलं. नेमका त्याच वेळी आमच्याच गल्लीतल्या बायकांनी भरलेला टेम्पो शेजारून गेला आणि त्यांनी हात केला. हात केला हेच आईला जास्त लागलं. घरी येऊन तिनं जाहीर केलं, "पुन्यांदा ही गाडी रस्त्यात उभी राह्यली, तर मी जन्मात हिच्यावर बसणार न्हाई. ऑटोनं जाईन."

भाऊ टपूनच होता. "अण्णा, देऊन टाका आता भंगारात. मी कार घेतली ती कशापायी?"

अण्णा फडकं घेऊन गाडी पुसायला गेले, म्हणजे घाबरले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला जालन्याला फोन. "बाई, गाडीला एक नंबरचं ऑइल आण. पुढच्या आठवड्यात तुझ्या मावशीच्या नातवाचं बारसं हाय, तुझी माय गाडीवर यायला तयार झाली, लई मिनतवारीनं. आन हे बघ, दुकानात जुनी म्हणू नको."

मी जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत कामाला आहे. संकरित कपाशीबद्दल मला काही विचारा, इंजिन ऑइलबद्दल मी कोरी पाटी. म्हणून ऑफिसात विचारलं आणि फसले. आमच्याकडे ऑइल हा विषय लग्न जमवण्यासारखा आहे, ज्याला विचारावं त्याच्याकडे एक स्थळ असतंच. एक म्हणाला पातळ घ्या, दुसरा म्हणाला जाड. स्टेशनवरचा ऑटोवाला म्हणाला, "ताई, ट्रॅक्टरचं ऑइल टाका बिनधास्त. ट्रॅक्टर नांगर ओढतो, तुमची माय काय नांगराहून जड हाय का?" आईला हे सांगायचं धाडस मी आजवर केलेलं नाही. शेवटी फोनवर व्हिडिओ बघितले. त्यातली सगळी तरुण मुलं एकच सांगत होती, सिंथेटिकसारखं काही नाही. दुकानदारानं विचारलं, "गाडी कशी आहे?" मी आज्ञाधारक मुलगी. म्हटलं, "एकदम टकाटक. वापरातली." त्यानं सगळ्यात चकचकीत डबा काढून दिला.

शनिवारी डबा अण्णांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, अक्षरं जुळवली आणि डबा असा खाली ठेवला की जणू त्यात विंचू निघाला.

"फुल्ली सिंथेटिक? बाई, तू मला नकली ऑइल आणलं?"

आता यात त्यांची तरी काय चूक? ज्या माणसानं उभा जन्म दूध तपासण्यात घालवला, त्याच्या लेखी सिंथेटिक म्हणजे युरिया, शाम्पू आणि खाण्याचं तेल घुसळून केलेलं पांढरं पाप. असं दूध घेऊन आलेल्या एका पाव्हण्याला त्यांनी भर केंद्रात कॅनसकट परत पाठवलं होतं, आणि तो पाव्हणा आमच्याच आत्याचा दीर होता. आत्या पुढं कितीतरी वर्षं राखीला आली नाही. मी समजावलं की इथं सिंथेटिक म्हणजे भारी, शुद्ध, प्रयोगशाळेत तयार केलेलं. "तेच म्हनून राह्यलो ना मी," अण्णा म्हणाले. "तयार केलेलं! गाईनं दिलेलं न्हाई!"

ऑइल गाय देत नाही, हे मी सांगितलं. त्यांनी डबा उघडला, थेंबभर ऑइल अंगठा आणि बोटात घेऊन चोळलं, हुंगलं. निकाल दिला, "फेस न्हाई. पण लई पातळ हाय. पानी घातलंय." चव घेतील म्हणून मी डबा ओढून घेतला.

अखेर आईच मध्ये पडली. "पोरगी एवढ्या दुरून घेऊन आली, टाका आता. का बारशाला मला ऑटोनंच धाडायचंय?" ऑटो म्हटल्यावर अण्णा विरघळले. गावातल्या गॅरेजात नकली ऑइल गाडीत गेलं. इंजिनाचा आवाज असा मऊ झाला की मी दिवसभर मान वर करून फिरले. अण्णा गाडीकडे सुतक असल्यासारखे बघत होते.

सकाळी अंगणात गाडीखाली काळं थारोळं. त्या पातळ ऑइलनं जुन्या इंजिनाची प्रत्येक फट शोधून काढली होती. अण्णांनी आईची परात आणून थारोळ्याखाली लावली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "फाटलं." आई परातीसाठी ओरडत बाहेर आली. मी तावातावानं दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, इतकी जुनी गाडी आहे हे तुम्ही सांगितलंच नाही! जुन्याला जरा जाड, साधं मिनरल टाकतात."

फोन स्पीकरवर होता. 'जुनी' हा शब्द ऐकून अण्णांचा चेहरा पडला आणि 'मिनरल' ऐकून लगेच उजळला. "मिनरल? मंग आधीच सांगायचं ना! म्हशीला आपन मिनरल मिक्श्चर देत न्हवतो का? तेच हे. हाडाला बराबर लागतं." मी वाद घातला नाही. चुकीच्या रस्त्यानं का होईना, माणूस बरोबर गावाला पोचला होता. मिनरल ऑइल आलं, गेलं, आणि परात दोन दिवस कोरडी राहिली. अण्णा गाडी पुसत होते, पायरीवर बसून शीळ घालत होते. मला इतका आनंद झाला की मी बारशासाठी जास्तीची रजा टाकली.

बारशाच्या दिवशी भाऊ-वहिनी मागून कारनं यायचे होते. आई पिशवी मांडीवर घेऊन मोटारसायकलवर बसली. मी वहिनीच्या स्कूटीवर त्यांच्या मागे निघाले, बहाणा देवळाचा, खरं म्हणजे पाळतीवर. धूर नव्हता. आईचं तोंड कानाला लागलं होतं. चढ लागला. गाडी खालच्या गिअरवर, न कुरकुरता चढत होती. मी मनातल्या मनात त्या मिनरलला नारळ कबूल केला. आणि अर्ध्या चढावर गाडी फुर्र करून उभी राहिली.

जाऊन बघते तर अण्णा टाकीचं झाकण उघडून आत डोकावत होते. टाकीत खडखडाट. आठवडाभर घरातला प्रत्येक माणूस त्या गाडीच्या ऑइलवर बोलला होता आणि पेट्रोलचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"गाडी बंद पडली न्हाई," अण्णा आईकडे न बघता म्हणाले. "पेट्रोल संपलं."

आई पिशवी घेऊन खाली उतरली. तेवढ्यात भावाची कार येऊन शेजारी थांबली. काच खाली झाली. "काय अण्णा, बसली ना शेवटी?"

अण्णांनी झाकण लावलं. ते लावायला त्यांना फार वेळ लागला. शब्द दिला होता आईनं, साक्षीला सगळं घर होतं. अण्णांच्या वतीनं मला रडू येईल असं वाटलं, आणि माझ्या भावाचा मला इतका राग आला की सांगता येत नाही.

"कोन बसली?" आई पदर खोचत म्हणाली. "मीच थांबवायला लावली. पाय अवघडले माझे."

"मंग ये कारमध्ये. एसी लावलाय."

"तू हो पुढं. मावशीला सांग, येऊन राह्यलो म्हनून."

कार दिसेनाशी झाली. मी पेट्रोलसाठी खालच्या गावात गेले आणि किराणा दुकानातून पाण्याच्या बाटलीत पेट्रोल घेऊन, स्कूटी दामटत परत आले. बारशाला उशीर होत होता, मावशी बोलणार होती, आई माझ्या नावानं खडे फोडत असणार हे मी गृहीत धरलं होतं.

रस्त्याच्या कडेला, लिंबाच्या सावलीत, बंद मोटारसायकल स्टँडवर लावलेली होती. पुढे अण्णा हँडल धरून बसले होते. मागे आई पिशवी मांडीवर घेऊन, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होती, आणि अण्णा मान मागे वळवून हसत होते. मी बाटली उंच धरून दाखवली.

आईनं वर बघितलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"एवढ्या जल्दी काऊन आलीस?"