अक्काचे झिंगे

हे मी कुंदाला सांगितलेलं नाही. कुंदा म्हणजे माझी बायको. चक्कीचा पट्टा कधी तुटला इथपासून माझं पोट कधी बिघडलं इथपर्यंत सगळं तिला माहीत असतं. हे नाही. भावाला नाही, मित्राला नाही. देवाला सगळं आधीच ठाऊक असतं म्हणतात, म्हणून तिथंही मी गप्पच. तुम्हाला सांगून राहिलो, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि जिच्याबद्दल हे आहे तिला वाचता येत नाही. बघा, इथंही भित्रेपणाच. माणूस कसा आहे ते सुरुवातीलाच कळलेलं बरं.

नवेगाव बांधला माझी धानाची चक्की आहे, म्हणजे भातगिरणी. आमचे पूर्वज तलाव बांधणारे. हे आम्ही कुणी न विचारताही सांगतो, लग्नाच्या पंगतीत तर हमखास. पण तलाव बांधणारे आम्ही आणि त्यातला मासा धरणारे ढिवर. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, अलीकडे आमची बांध्यांतली धानाची शेती, पलीकडच्या टोकाला त्यांची घरं. त्यातलं शेवटचं घर पारबताबाईचं. डोक्यावर टोपली घेऊन ती दारोदार मासळी विकायची. माझ्या आईच्या वेळेपासून आमच्याकडे यायची. मला दात फुटले तेव्हापासून मी तिच्या हातचे झिंगे खात आलो.

झिंगे म्हणजे आमच्या तलावातली बारीक कोळंबी. उन्हाळ्यात पारबताबाई ते पाळीवर जुनं लुगडं पसरून वाळवते आणि डब्यात भरून ठेवते. पावसाळ्यात जाळी बंद असतात, हाताला काम नसतं. तेव्हा तेच तव्यावर भाजायचे, भातावर चुरायचे. त्यांच्या घरची चार महिन्यांची चव त्या एका डब्यात असते. हे लक्षात ठेवा — मला तेव्हाही माहीत होतं.

तर तिकडे कृष्णेकाठी पूर आला. टीव्हीवर छपरं दिसत होती, छपरांवर माणसं. आमच्याकडे आदल्या हंगामात धान चांगलं झालं होतं. गावानं ठरवलं, तांदूळ पाठवायचा. माझ्याकडे शेड आहे, रिकामी पोती आहेत, म्हणून सगळं माझ्याच चक्कीत जमायला लागलं आणि मी आपोआप पुढारी झालो. कुणी केलं नाही, मीच झालो. कानावर पेन लावून फिरत होतो. गोंदियाच्या व्यापारी मंडळींनी मोठा ट्रक ठरवला होता. आमचा माल मेटाडोरनं गोंदियाजवळच्या फुलचूरच्या गोदामात न्यायचा, तिथून ट्रकमध्ये चढवायचा आणि गावातर्फे मी सोबत जायचं, असं ठरलं.

निघायच्या सकाळी पारबताबाई आली. लुगड्यात बांधलेलं गाठोडं होतं. हातात घेतल्यावर कळलं — अख्खा डबा रिकामा करून आणलाय.

"तांदूळ तं सारेच देऊन राहिले भाऊ," ती म्हणाली. "माहं घर तीन डाव पान्यात गेलं. मले मालूम हाय. पूर आला का लोकं भातच देतेत, भातच. तोंडाले चव नसते, घास गिळत नाही. दोन झिंगे चुरले का भात पोटात जाते."

मी म्हटलं, अवं मावशी, पावसाळाभर तू काय खाशील? ती म्हणाली, "आमाले तलाव हाय ना जी. त्यायच्या घरात तं आता गाळ हाय."

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले होते. गाठोडं मी सगळ्या पोत्यांच्या वर ठेवलं. म्हटलं, तुझंच आधी पोचते पाहाय.

आता इथं मी जरा थांबतो. म्हणजे इतकी वर्षं इथंच थांबत आलो. मनातल्या मनात सांगताना गाडी फुलचूरपर्यंत येते आणि मी दुसरंच काहीतरी आठवायला लागतो — रस्त्यातला पाऊस, गोदामासमोरचा चिखल, बॅनर बांधणाऱ्या बाया. बॅनर होता, हो. फोटो काढून राहिले होते. सगळे कसे धुतलेल्या कपड्यांत. आणि मी कोंड्यानं भरलेला.

माल उतरवताना एका शेठजींनी नाक वर केलं. "ये बदबू काहे की आ रही है, भैया?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला काय माहीत नव्हतं तो वास कशाचा? अहो, तो माझ्या घरचा वास. पावसाळी दुपारी स्वैपाकघरातून तो आला की मी चक्की बंद करून जेवायला पळणारा माणूस. आणि मी म्हणालो — "पता नहीं, सेठजी. किसी ने रख दिया होगा."

शेठजी फेका म्हणाले नाहीत. त्यांच्यावर ढकलायची सोय नाही, मी खूप शोधून पाहिली. ते तेवढं विचारून चादरी मोजायला गेले. मी नुसतं म्हटलं असतं, की सुके झिंगे आहेत, आमच्या गावच्या बाईनं दिलेत, आम्ही भातासोबत खातो, तर काय झालं असतं? प्लास्टिकमध्ये बांधून घ्या म्हणाले असते. फार तर कुणी हसलं असतं. एवढंच. त्या एका हसण्याला मी घाबरलो.

गाठोडं मी दोन बोटांत धरलं. अंगापासून लांब. मलाही किळस येते हे सगळ्यांना दिसावं म्हणून लांब. गोदामाच्या मागच्या भिंतीला नेऊन ठेवलं. ट्रक निघताना मागं पाहिलं तर कुत्री लुगडं ओढून राहिली होती. बॅनरवाल्या बायांपैकी एक हसली, "देखो, कुत्तों की तो पार्टी हो गई." मीही हसलो. हे लिहायला मला चार दिवस लागले — मीही हसलो.

दोन दिवसांनी आम्ही तिकडे पोचलो. एका शाळेत माणसं ठेवली होती. वर्गात खिडकीपर्यंत तांदळाची पोती, चारही बाजूंनी आलेली. आमचीही त्यावरच रचली. एवढा गाजावाजा करून आणलेला आमचा तांदूळ कुठला, हे पाच मिनिटांनी मलाच ओळखू येईना. व्हरांड्यात एक म्हातारी ताट घेऊन बसली होती. नुसता पांढरा भात, बोटं घातलेली, पण घास उचलत नव्हती. मला म्हणाली, "भात रोजच हाय बाबा. तोंडी लावाय काय आणलंस का?"

मी म्हटलं, नाही, अक्का. तिथं सगळे तिला अक्काच म्हणत होते. तिचं खरं नाव काय, कोणत्या गावची, मी विचारलं नाही. मला तिथून उठायची घाई होती.

परत आलो तर पारबताबाई चक्कीच्या पायरीवर. पहिला प्रश्न, "पोचले काय जी?"

मी म्हणालो, पोचले.

इथं थांबलो असतो तरी निभलं असतं. पण भरल्या पोटी खोटं बोलणाऱ्याला खोट्याचीही चव लागते हो! मी सांगत गेलो — एक म्हातारी होती, अक्का नावाची, नुसत्या भातापुढं बसली होती, घास उतरत नव्हता. मी तुझे झिंगे दिले. तिनं चुलीवर भाजले, भातावर चुरले, खाल्ले आणि रडली. पारबताबाई तिथंच खाली बसली. हसत होती, डोळे पुसत होती. "मी म्हटलं होतं का नाही! म्हटलं होतं का नाही!" चक्कीतल्या सगळ्यांना सांगत सुटली. त्या पावसाळ्यात त्यांच्या घरी भातावर मीठमिरची होती, आणि ती गावभर सांगत फिरत होती की तिकडं अक्कानं माझे झिंगे खाल्ले.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझ्या कपाळी झिंगे आले. पुढच्या वर्षी, पाऊस लागायच्या आधी, पारबताबाई एक पोटली घेऊन हजर. "हे अक्काले धाडून द्या. पोस्टानं जाते ना?"

मी काय करायला पाहिजे होतं? तेव्हा सांगता आलं असतं. ती चिडली असती, शिव्या दिल्या असत्या, तिच्या शिव्या गावात नामांकित आहेत. मी म्हणालो, जाते. पोटली घरी आणली. फेकवेना. एकदा फेकून पाहिले होते ना! कुंदाला म्हटलं, पारबताबाईनं आपल्याला दिलेत. कुंदानं भाजले. मी खाल्ले. चवीनं खाल्ले, बाप्पा, खोटं कशाला बोलू?

असे पाच उन्हाळे. पाच पोटल्या. दर खेपेला पारबताबाई विचारायची, पोचले काय जी? काय म्हनते अक्का? आणि मी अक्काला वाढवत गेलो. तिचं घर पुन्हा बांधून दिलं, गुडघे दुखवले, नातीचं लग्न लावलं. गुडघ्यांसाठी पारबताबाईनं कसलंसं तेलही दिलं. ते कुंदानं माझ्याच कमरेला चोळलं. "किती जीव लावते जी पारबताबाई आपल्याले," कुंदा म्हणायची. मी पालथा पडून असायचो, तोंड उशीत.

पोटली मात्र दर वर्षी लहान होत गेली. पारबताबाईचे डोळे गेले, पाण्यात उतरणं सुटलं. एकदा तिची सून धान घेऊन आली, तेव्हा पोतं टाकत म्हणाली, "भाऊजी, त्या अक्काले एक डाव सांगा ना, पुरे झालं म्हना. घरात भातावर टाकाले काही नाही, अन् बुढी झिंगे लपवून ठेवते. कायले? तं अक्कासाठी!" मी मान हलवली. सांगतो म्हणालो. कुणाला सांगणार होतो?

या वर्षी ती सुनेचा हात धरून आली. पोटली मुठीएवढी. म्हणाली, "आता पुढच्या साली मी असन का नाही. एक डाव फोन लावून द्या भाऊ. तिच्यासंगं बोलते."

भर दुपार होती, चक्की सुरू होती. माझ्या तोंडून निघालं, अक्का गेली.

मशीनच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही. "काय म्हन्ता?" असं म्हणून तिनं कान पुढं केला. बघा, तेवढी सवड मिळाली होती मला. देवानं म्हणा, मशीननं म्हणा — पण दिली होती. मी वाकलो आणि तिच्या कानाशी मोठ्यानं ओरडलो, "अक्का गेली, मावशी! मागल्या महिन्यात!"

पारबताबाईनं पोटली छातीशी धरली आणि घरी गेली. सुनेकडून कळलं की आल्याबरोबर तिनं तलावावर आंघोळ केली. दहा दिवस मासळीला शिवली नाही. दहाव्या दिवशी मला बोलावणं आलं, "पाळीवर या म्हनते बुढी. तिले पाहिलेले तुमीच एकटे."

गेलो. नाही कसं म्हणणार? पळसाच्या पानावर भात होता, त्यावर भाजून चुरलेले झिंगे. पारबताबाई हात जोडून बसली होती, मी तिच्या बाजूला उभा. तिकडं कृष्णेकाठी ती म्हातारी कदाचित जिवंत असेल. याच वेळी जेवायला बसली असेल. नुसता भात असेल का पुढ्यात? आणि इकडं मी तिच्या दहाव्याला उभा. वाटलं, कावळा शिवणारच नाही. आमच्याकडे भल्याभल्यांच्या पानाला कावळा तासतास शिवत नाही, नातेवाईक कबूल करून करून थकतात. वाटलं, नाही शिवला तर ही विचारेल, काऊन जी? काय राहून गेलं तिचं? तेव्हा सांगून टाकीन. खरंच ठरवलं होतं.

कावळा लगेच आला. दोन आले. पान उलटंपालटं केलं, आधी झिंगेच टिपले.

पारबताबाईला दिसत नाही आता. पंखांचा आवाज ऐकून तिनं विचारलं, "पोचले काय जी?"

मी म्हणालो, पोचले.

ती उठली. कमरेची पोटली सोडून उरलेले झिंगे चाचपत माझ्या हातात ठेवले. म्हणाली, "हे आता तुमचे. इतके साल तुमीच पोचवले, एक दाना तोंडात टाकला नसन तुमी. अक्का तं गेली. आता तुमी खा."

मी घेतले. घरी आणले. कुंदानं भाजले, मी भातावर चुरले आणि जेवलो.