पिवळा बलक

फुएन्सिस्लानं स्वतःच्या पोरीच्या तोंडचा घास गिळला, असं सोतोपार्दो गावच्या बायका म्हणत. तिच्या पाठीमागे म्हणत, पण तिला ऐकू जाईल इतक्या अंतरावरून. आणि लगेच कुणीतरी पुस्ती जोडी, "गळा मात्र देवानं दिलाय हं."

दुएरो नदीकाठच्या त्या गावच्या द्राक्षमळ्याची वाइन दहा-दहा वर्षं पिंपांत मुरे. बाटलीत भरण्याआधी ती निवळून घ्यावी लागे. पिंपामागे सहा अंड्यांचा पांढरा भाग मीठ घालून फेटायचा आणि वरून सोडायचा. तो सावकाश खाली बसताना सगळा गढूळपणा तळाशी ओढून नेई. हिवाळ्याच्या अखेरीस आठ बायका तळघरात सकाळपासून अंडी फोडत बसत. पांढऱ्यात बलकाचा थेंब गेला तर मजुरी कापली जाई. बलक बादलीत जमा होत आणि मालकांच्या शिकारी कुत्र्यांना जात. त्यांच्या अंगावरची लव चकाकायला हवी असे.

यादवी युद्ध संपून सहा वर्षं झाली होती. गावात पाव शिधापत्रिकेवर मिळे, तोही काळा. समोर बलकांची बादली असताना बायकांची तोंडं रिकामी राहावीत म्हणून मुकादम अबिलियोनं नियमच केला होता: काम चालू असेतो गायचं. गाणाऱ्या तोंडाला गिळता येत नाही. सगळ्यांत पुढे फुएन्सिस्लाचा आवाज असे.

तिचा नवरा युद्धातून परतला नव्हता. घर मळ्याचं होतं; काम गेलं की घरही जाणार. घरी सात वर्षांची न्येवेस खोकून खोकून झिजत होती, आणि धाकटा तोरिब्यो सहा वर्षांचा होता. डॉक्टर म्हणाले होते, "रोज एक बलक द्या, बाई. दुसरं औषध माझ्याकडे नाही."

तिनं अबिलियोकडे एक बलक मागितला.

"कुत्र्यांना विचारून बघ," तो म्हणाला. "ते हो म्हणाले तर माझी ना नाही."

बादली कुत्र्यांपर्यंत पोचवण्याचं काम तिच्याकडेच होतं. दुसऱ्या दिवसापासून तळघराच्या जिन्याच्या वळणावर, अंधारात ती एक बलक अलगद उचलून गालात ठेवू लागली. तो फुटू नये म्हणून दात दूर धरून, नाकानं श्वास घेत घरापर्यंत चालायची. न्येवेस तोंड उघडून वाटच बघत असे. असे नऊ दिवस गेले. पोरीला एकदा भूकही लागली.

दहाव्या दिवशी अबिलियो फाटकात उभा होता.

"निघालीस, फुएन्सिस्ला?"

तिनं मान हलवली.

"दिवसभर गळा फाडून गातेस आणि आता वाचा बसली होय? एक कडवं म्हणून दाखव."

मागच्या बायका हसल्या. त्यांतली ओबदुलिया म्हणाली, "म्हण की गं पटकन! घरी माझी चूल थंड पडलीय."

अबिलियो जवळ आला आणि हलकेच म्हणाला, "थुंक, नाहीतर गा."

थुंकली असती तर चोरी सगळ्यांसमोर उघडी पडली असती. तिनं डोळे मिटले. गळ्याची घाटी एकदा वर गेली, खाली आली. ती सगळ्यांनी पाहिली. मग तिनं कडवं म्हटलं, शेवटपर्यंत, सुरात.

"वा!" अबिलियो म्हणाला. "उद्यापासून प्रत्येकीनं फाटकात एकेक कडवं म्हणायचं."

न्येवेस त्या संध्याकाळीही तोंड उघडून बसली होती. अकरा दिवसांनी ती गेली. तिला दुपारी पुरलं. पिंपं थांबत नव्हती. दुसऱ्या सकाळी फुएन्सिस्ला तळघरात आपल्या जागेवर बसली आणि अबिलियोनं खूण करताच गाऊ लागली. त्या दिवशी तिला साथ कुणी दिली नाही.

त्या साली निवळलेल्या वाइनचं पुढे फार नाव झालं. बावीस वर्षांनी तोरिब्योच्या लग्नात मालकांनी त्याच वाइनची एक बाटली भेट पाठवली. ओबदुलियानं आपला पेला उजेडासमोर धरला.

"काय निवळलीय गं! तुझ्याच हातची." मग आणखी एक घोट पोटात गेल्यावर, भरल्या पंगतीत, ती म्हणाली, "आज तरी सांग, फुएन्सिस्ला. पोरीच्या तोंडचा घास गिळलास ना त्या दिवशी?"

नवरीकडची माणसं खाता खाता थांबली. फुएन्सिस्लानं आपला पेला उपडा ठेवला.

"गिळला," ती म्हणाली. "थुंकला असता, तर हा नवरदेव आज तिच्याशेजारी मातीत असता, आणि तू तेव्हाही चुलीचंच बोलली असतीस."