अमावस्या संपण्याची वेळ

वादळ येणार असलं की मी फ्रिजवर एक कागद लावते. डावीकडे हवामानाचा अंदाज, तासातासाचा. उजवीकडे कामं: टबात पाणी भरून ठेवणे, फोन चार्ज करणे, गाडीत पेट्रोल, बर्फ वितळावा म्हणून पायऱ्यांवर मीठ. आमचं घर शहराच्या टोकाच्या कनाटा उपनगराच्याही पुढे, शेतांच्या मधे आहे. वीज गेली की विहिरीचा पंप थांबतो आणि नळ कोरडे पडतात, म्हणून आधीच सगळी तयारी लागते.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत या कागदावर दोन ओळी जास्तीच्या होत्या. ‘५.१० अमावस्या समाप्त.’ त्याखाली, ‘५.१५ निघणे.’

निघायचं होतं आमच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहणाऱ्या मुलीला घेऊन. नागपूरची, तिशीतली, गरोदर, सदतिसावा आठवडा सुरू. तिचा नवरा कामासाठी हॅलिफॅक्सला गेलेला. तो आदल्या दिवशी परतून तिला हॉस्पिटलजवळ नेणार होता, पण त्याचं विमानच रद्द झालं. माझा नवरा तेव्हा पुण्याला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की वादळात इतक्या लांब राहू नका, कारण आधीच्या वर्षी सातव्या महिन्यात तिचं बाळ गेलं होतं. हॉस्पिटलपासून पाच मिनिटांवर माझ्या मैत्रिणीचा कॉन्डो, म्हणजे फ्लॅट आहे. तिथे तिला पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

आदल्या रात्री तिच्या आईचा नागपूरहून फोन आला. “ताई, एवढी अमावस्या संपू द्या. मग खुशाल न्या. मागच्या वेळी अमावस्येलाच बाहेर पडली होती ती.”

मी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, “मी मानत नाही, काकू. पण काही झालं ना, तर आई आयुष्यभर स्वतःलाच दोष देईल.”

मीही मानत नाही. पण वाद घालण्यापेक्षा वेळ बघणं सोपं होतं. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेत समाप्ती सायंकाळी पाच दहा अशी छापली होती. अंदाज असा होता की अकराला बर्फ सुरू होईल आणि फ्रीझिंग रेन आठनंतर. बर्फाची मला भीती वाटत नाही. तो नांगरासारख्या गाडीने लोटता येतो, फावड्याने उपसता येतो. फ्रीझिंग रेन मात्र पाणी म्हणून पडतो आणि जिथे टेकतो तिथे काच होतो. त्याच्यापुढे विंटर टायर्सचंही काही चालत नाही. तरी पाच पंधराला निघून सहापर्यंत पोचलो असतो. हातात दोन तास उरत होते. मी दोन ओळी लिहिल्या आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी बर्फ ठरल्याप्रमाणे अकराला आला. मी दोनदा ड्राइव्हवे साफ केला. मुलीची बॅग दारात ठेवली, तिला वरणभात खायला घातला. ती सोफ्यावर फोन घेऊन बसली होती. दीडच्या सुमाराला तिने मान वर केली.

“काकू, अपडेट आलंय. फ्रीझिंग रेन आठला नाही, तीन-चारलाच येणार म्हणतायत.”

मी कागदावरचा आठ खोडला, तीन लिहिला, आणि त्याखालच्या पाच दहाकडे बघत उभी राहिले. निघावं तर तिच्या आईला दिलेला शब्द मोडतो. थांबावं तर रात्रभर इथेच अडकायचं.

“आईला विचारते,” ती म्हणाली. “झोपली असेल, पण विचारते.”

आई झोपलेली नव्हती. पहिल्याच रिंगला फोन उचलला. “पोचली का?”

“नाही गं. अजून घरीच. अमावस्या संपायचीय ना?”

पलीकडून असा आवाज आला की स्पीकर लावायची गरज पडली नाही. “घरीच? इथे रात्रीचे बारा वाजून गेले! अमावस्या संध्याकाळीच संपली. काहून थांबल्या तुम्ही? चंद्र काय अलग आहे का तुमचा तिकडे?”

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी कागदाकडे. नोकरीत माझ्या रोज पुण्याच्या टीमबरोबर मीटिंगा असतात. साडेदहा तासांचा फरक मला झोपेतसुद्धा काढता येतो. पण दिनदर्शिकेतली वेळ बदलून घ्यावी असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ती वेळ मला कधी भारताची वाटलीच नाही. भिंतीवर लावली म्हणजे ती आमच्या घराची. आमच्याकडे अमावस्या सकाळी सहा चाळीसलाच संपली होती. तेव्हा आभाळ नुसतं करडं होतं आणि रस्ता कोरडा होता.

सात मिनिटांत आम्ही गाडीत होतो.

पहिली वीस मिनिटं नुसता बर्फ होता. मग अंदाजाच्याही आधी काचेवर बारीक टकटक सुरू झाली, तांदूळ सांडल्यासारखी, आणि थोड्याच वेळात तीही थांबली. ते जास्त वाईट, कारण आता पाणी पडत होतं आणि पडताच गोठत होतं. वायपरवर बर्फाची दोरी धरू लागली. मी वेग तीसवर आणला. पुढे मीठ टाकणारा ट्रक दिसला, त्याच्या मागे चिकटून राहिले. एक गाडी उजवीकडच्या खड्ड्यात तिरकी पडलेली, दिवे लुकलुकत होते. मुलीने ती पाहिली आणि दोन्ही हात पोटावर ठेवले.

“हालतंय का?” मी विचारलं.

“हो.”

दर काही मिनिटांनी मी तेच विचारत होते. चौथ्या-पाचव्यांदा ती म्हणाली, “काकू, तुम्ही रस्ता बघा. ह्याच्याकडे मी बघते.”

पाऊण तासाच्या रस्त्याला पावणेदोन तास लागले. मैत्रीण पार्किंगमध्ये मिठाची बादली घेऊन उभी होती. दोघींनी दोन बाजूंनी धरून मुलीला आत नेलं. त्या संध्याकाळी आमच्या रस्त्यावर फांद्या आणि तारा पडल्या. तो दुसऱ्या दिवशी दुपारी उघडला. तिच्या कळा पहाटेच सुरू झाल्या होत्या, आणि रस्ता उघडेपर्यंत तिला मुलगी झाली होती. व्यवस्थित, मोठ्याने रडणारी.

हॉस्पिटलमधून मी तिच्या आईला फोन लावला आणि अभिनंदनाच्या आधीच सांगून टाकलं, “वेळ मी चुकीची लिहिली होती. सात तास मी तिला उगाच घरात बसवलं.”

“मला वाटलं तुम्ही संपल्या-संपल्या निघाल्या,” ती म्हणाली.

“मग इतक्या वेळात फोन का नाही केलात?”

“तुम्ही गाडी चालवत असाल ना, ताई. बर्फात. मध्येच फोन वाजला अन् तुमचं लक्ष गेलं तर?”

तिच्या घड्याळातल्या पाच दहापासून ती फोन हातात धरून बसली होती. पाऊण तासाचा रस्ता आहे हे तिला माहीत होतं. सहा झाले, सात झाले, दहा झाले, आणि आमचा फोन येत नव्हता. त्या सात तासांत इथे मी ड्राइव्हवे साफ केला होता, वरणभात केला होता, आणि सगळं वेळेत चाललंय म्हणून निवांत होते.